‘बिल नको असेल तर साठ हजार कमी करतो’ : घरकामाचे पैसे कार्डाने द्यायचे की रोख?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली बरीचशी घराच्या कामाबद्दलचीच निघाली, कुणाचं बाथरूम, कुणाचं किचन, कुणाची गच्ची, आणि प्रत्येकात शेवटी अडकलेला प्रश्न एकच की कॉन्ट्रॅक्टरला पैसे द्यायचे कसे. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत, विम्याबद्दल विचारणाऱ्यांनी जरा थांबा, तुमचं पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : आमचा सिंहगड रोडला टू बीएचके आहे, बिल्डिंग अठरा वर्षं जुनी. दोन्ही बाथरूम तोडून नवीन, किचनचा ओटा, पूर्ण घराच्या टाइल्स आणि रंग, असं मटेरियलसकट ६,८०,००० चं कोटेशन आलंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कॅश दिली आणि बिल नको असेल तर ६,२०,००० मध्ये करतो, बिल हवं असेल तर वर १८ टक्के जीएसटी, आणि कार्डाने द्यायचे असतील तर अजून २ टक्के. निम्मे पैसे आधी मागतोय. मिस्टर म्हणतात कार्डच वापरू, पॉइंट मिळतील आणि काही गडबड झाली तर बँक पैसे परत मिळवून देते. सासरे म्हणतात कॅश द्या आणि मोकळे व्हा, दोन लाख कशाला घालवायचे. मी मध्ये अडकलेय. काय करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, आधी तुमच्या सासऱ्यांचा आकडा तपासून बघितला, तो बरोबर आहे. ६,८०,००० वर १८ टक्के म्हणजे १,२२,४००, एकूण ८,०२,४००, त्यावर कार्डाचे २ टक्के म्हणजे १६,०४८, झाले ८,१८,४४८. कॅशशी फरक १,९८,४४८ रुपयांचा. एवढा फरक कानावर पडला की कुठलाही माणूस कॅशकडेच वळणार, आणि खरं सांगायचं तर तो आकडा तेवढ्यासाठीच तसा मांडलेला असतो.

पण ह्या आकड्यात एक गोम आहे. तुमचा कॉन्ट्रॅक्टर जीएसटीत रजिस्टर्ड आहे का, हे विचारलंत का? सर्व्हिस देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात त्याला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेला माणूस जीएसटी लावूच शकत नाही. लावला तर तो टॅक्स नाही, ते सरळ त्याच्या खिशात जाणारे पैसे. त्याचा जीएसटी नंबर मागा, पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो, जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की रद्द झालाय ते मिनिटभरात दिसतं. कंपोझिशनवाला, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक दराच्या जीएसटी योजनेतला असेल तर तोही गिऱ्हाइकाकडून वेगळा टॅक्स घेऊ शकत नाही, हेही तिथेच कळतं.

आता समजा तो खरोखर रजिस्टर्ड आहे. मग ६,८०,००० हा रेट त्याने कशावर काढला ते विचारा. बिना बिलाचा धंदा करणारा माणूस १,१८,००० च्या टाइल्स आणतो तेव्हा त्यातले १८,००० जीएसटीचे असतात आणि ते त्याच्या खर्चात जातात, म्हणजे तुमच्या रेटमध्ये बसतात. पक्कं बिल करणाऱ्याला मात्र त्या १८,००० चं क्रेडिट मिळतं, म्हणजे ते त्याने सरकारला भरायच्या जीएसटीतून वजा होतात, त्याला टाइल्स लाखालाच पडल्या. म्हणजे पक्क्या बिलाचा मूळ रेट कच्च्या रेटपेक्षा कमी यायला पाहिजे आणि मग त्यावर १८ टक्के. हा गृहस्थ काय करतोय, तर टॅक्ससकटच्या मटेरियलवर काढलेला रेट घेतो आणि त्याच्याच डोक्यावर परत टॅक्स लावतो. ‘भाऊ, क्रेडिट वजा करून मूळ रेट सांगा’ एवढं एक वाक्य बोला, समोरच्याला कळतं की इथे हिशेब समजणारं कुणीतरी बसलंय.

आता मिस्टरांचं. कार्डाने दिले की बँक पैसे परत मिळवून देते, हे ऐकीव आहे आणि अर्धंच खरं आहे. वस्तू किंवा सर्व्हिस मिळालीच नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे दिलेले पैसे बँकेमार्फत परत, मागता येतो, कार्ड कंपन्यांची मुदत साधारण १२० दिवसांची असते. पण ‘टाइल्सची लाइन वाकडी आहे’, ‘स्लोप उलटा गेलाय, पाणी दाराकडे येतं’ ह्या तक्रारींवर बँक काय करणार? कॉन्ट्रॅक्टर तिकडे फोटो पाठवतो की काम झालंय, तुम्ही इकडे फोटो पाठवता की वाईट झालंय, आणि तुम्ही ओटीपी टाकून पैसे दिलेले असतात म्हणून व्यवहार माझा नाही असंही म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये १९७४ पासून कायदाच आहे, १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत कार्डाची बँक विक्रेत्याइतकीच जबाबदार धरली जाते, तिकडचे आपले लोक फोनवर सांगतात आणि इकडे आपण समजतो की आपल्याकडेही तसंच असेल. आपल्याकडे असा कायदा नाही.

आणि अजून एक बघा. बाथरूमचं काम करणाऱ्या किती जणांकडे स्वतःचं कार्ड मशीन असतं? बहुतेक वेळा ‘कार्ड चालेल’ म्हणणारा तुम्हाला ओळखीच्या प्लायवूडच्या नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात नेतो, तिथे कार्ड घासतात, दुकानदार आपले दोन टक्के कापून बाकी कॅश त्याच्या हातात ठेवतो. तुमच्या हातात येणारी चिठ्ठी नीट वाचा, त्यावर कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव असतं. उद्या बाथरूम गळलं तर कुणाविरुद्ध तक्रार करणार, ज्याने तुमचं बाथरूम पाहिलंसुद्धा नाही त्या दुकानदाराविरुद्ध? शिवाय कार्ड घासून कॅश फिरवणं हे बँकेच्या नियमात बसत नाही, कार्ड बंद व्हायचं ते तुमचं होईल. पूर्वी काही लोक अ‍ॅपवर ‘घरभाडं’ दाखवून कार्डातून कॉन्ट्रॅक्टरच्या खात्यात पैसे पाठवायचे, सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम कडक केल्यावर बहुतेक अ‍ॅपवरचा तो रस्ताही बंद झालाय.

पॉइंटचा हिशेब तर सोपा आहे. समजा दीड लाखाचा व्यवहार, २ टक्के जादा म्हणजे ३,००० गेले. पॉइंट एक टक्क्याच्या आसपास धरा, १,५०० आले. पंचेचाळीस दिवस पैसे बचत खात्यात राहिले त्याचं ३ टक्क्यांनी व्याज धरलं तरी साडेपाचशे. म्हणजे हजारभराचा तोटा सोसून आपण पॉइंट कमावले.

मग सासऱ्यांचं ऐकायचं का? तर तेही नाही. ६,२०,००० रोख घेणं हे कॉन्ट्रॅक्टरसाठीच बेकायदा आहे. २०१७ पासून नियम आहे, एका व्यवहारापोटी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, चार दिवसांत चार तुकडे करून घेतले तरी व्यवहार एकच धरतात, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा. दंड घेणाऱ्याला आहे, देणाऱ्याला नाही, त्यामुळे सासरे म्हणतील आपल्याला काय त्याचं. आपल्याला त्याचं हे, की असा माणूस तुम्हाला पावती कधीच देणार नाही, कारण पावती म्हणजे त्याच्याच विरुद्ध पुरावा. आणि पावती नसलेल्या गिऱ्हाइकाला पुढे बोलायला तोंड राहत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारी चालतात, पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दोन वर्षांच्या आत जायचं असतं, वकील केलाच पाहिजे असंही नाही. पण तिथे पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही किती पैसे दिलेत आणि त्याचा पुरावा काय.

दुसरं, उद्या हा फ्लॅट विकाल तेव्हा घरात केलेल्या सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा होतो. साडेबारा टक्क्यांनी टॅक्स धरला तर चार लाखांच्या मान्य खर्चावर पन्नास हजार आणि वर सेस वाचतो. सगळा खर्च त्यात बसत नाही हां, नुसता रंग म्हणजे डागडुजी, सोफा-पडदे तर नाहीच नाही, काय बसतं ते तुमच्या सीएला विचारा, पण बिल आणि बँकेची नोंद नसेल तर विचारायलाही काही उरत नाही.

मी तुमच्या जागी असते तर काम दोन भागांत तोडलं असतं. टाइल्स, कमोड, बेसिन, नळ, रंगाचे डबे हे सगळं स्वतः जाऊन घ्या, शोरूममध्ये, तुमच्या नावाच्या बिलावर, आणि तिथे बिनधास्त कार्ड वापरा. मोठ्या दुकानात जादा २ टक्के सहसा लावत नाहीत, लावले तर पुढच्या दुकानात जा. इथे कार्डाचा खरा उपयोग आहे, माल आलाच नाही किंवा फुटका आला तर दाखवायला ऑर्डर, डिलिव्हरी चलन सगळं असतं, आणि पॉइंटही खऱ्या अर्थाने पदरात पडतात. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ वर आला, त्यामुळे जुने रेट सांगणाऱ्याला तेही ऐकवा. वाळू, सिमेंट, केमिकल, पाइप ही किरकोळ धावपळ कॉन्ट्रॅक्टरकडेच राहू द्या, रोज चार वेळा हार्डवेअरच्या दुकानात पळायला तुम्हाला जमणार नाही. उरलेली मजुरी त्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात, यूपीआय किंवा एनईएफटीने. स्वतःच्या म्हणजे स्वतःच्याच, ‘मॅडम ह्या क्यूआरवर टाका, भाच्याचा आहे’ असं म्हणाला तर नाही म्हणा. यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारण लाखाची असते तेवढं लक्षात ठेवा, एनईएफटी ऑनलाइन केलं तर बचत खात्याला चार्ज पडत नाही.

आणि ताई, एवढं सगळं लिहिलं खरं, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट कार्डही नाही आणि कॅशही नाही, ती म्हणजे ‘निम्मे पैसे आधी’. पैसे कामाच्या पुढे धावले की तुमची पकड गेली, मग ते कुठल्याही मार्गाने जावोत. मटेरियल तुम्ही आणणार असाल तर त्याला निम्मे कशाला हवेत? मजुरीच्या दहा टक्के टोकन द्या. तोडफोड आणि पाइपलाइन झाली की एक हप्ता, वॉटरप्रूफिंगची टेस्ट पास झाली की एक, टाइल्स बसल्या की एक, रंगाचा शेवटचा हात झाला की एक, आणि दहा टक्के महिनाभर हातात ठेवा. हे सगळं लिहून घ्या, स्टॅम्प पेपरवर करायचं असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा चालत नाही, पाचशेचा लागतो.

वॉटरप्रूफिंगच्या टेस्टवर मात्र अडून बसा. नाहणी ट्रॅपला बूच मारायचं, बाथरूममध्ये चार बोटं पाणी भरायचं, पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलने रेघ ओढून तारीख आणि वेळ लिहायची, फोटो काढायचा आणि ४८ तास कुणालाही आत जाऊ द्यायचं नाही. मधल्या काळात खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघून यायचं, त्याचाही फोटो. पाणी रेघेवरून एखादा दोरा खाली येईल, ते चालतं, बोटभर उतरलं तर हप्ता थांबवायचा आणि परत करायला लावायचं. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल वेळ जातोय, उद्या टाइल्सवाला येऊन उभा राहील. राहू दे. एकदा टाइल बसली की खालचं गळतंय ते कुणाच्या बापाला दिसत नाही, आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये खालच्या काकू तुमचं नाव घेतात.

प्रश्न : साडेतीन लाखांचं मॉड्युलर किचन ठरवलंय. शोरूमवाले क्रेडिट कार्डावर बारा महिने नो कॉस्ट ईएमआय देतायत. बायको म्हणते फुकट आहे तर घेऊ. माझा फुकटावर विश्वास नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमचा अविश्वास योग्य जागी आहे. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. होतं काय, की बँक व्याज लावतेच, तेवढी सूट शोरूम किमतीत दाखवतो, आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र तुमच्या बिलात हळूच येऊन बसते. म्हणून शोरूमवाल्याला एकच विचारायचं, ‘ईएमआय नको, आज सगळे एकदम देतो, किती कमी करता?’ त्याने वीस हजार कमी केले तर ते वीस हजार म्हणजेच तुमच्या फुकट ईएमआयचं व्याज. काहीच कमी करत नसेल तर मात्र घ्या ईएमआय, पैसे तोवर तुमच्याकडे राहतील.

बाकी मॉड्युलर किचन ह्या कामाला कार्ड खरंच शोभतं. माल फॅक्टरीत तुमच्या मापाने कापला जातो, त्यामुळे निम्मे आधी आणि उरलेले माल निघायच्या आधी असं सगळेच मागतात, ते वावगं नाही. पण मग माल आलाच नाही ही भीती राहते, आणि तिथे चार्जबॅक कामाला येतो, फक्त ऑर्डरवर डिलिव्हरीची तारीख छापून घ्या, तोंडी ‘तीन आठवडे’ नको. प्लाय कुठला तेही लिहून घ्या, सिंकच्या खाली आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लाय, नुसतं ‘वॉटरप्रूफ प्लाय’ म्हणजे काहीच नाही.

एक मात्र हात जोडून सांगते, ईएमआय न करता कार्डावर घेऊन ‘बघू पुढच्या महिन्यात’ करू नका. दोन लाख राहिले आणि महिना पावणेचार टक्के दर असेल तर व्याज ७,५००, त्यावर जीएसटी १,३५०, महिन्याला ८,८५० गेले. तुम्ही दहा हजार भरलेत तरी मुद्दल जेमतेम साडेअकराशेने हललं, आणि वर किराणा-पेट्रोल त्याच कार्डावर घेतलंत तर त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. वर्षाला तीस टक्क्यांच्या वर कार्डाचं व्याज नको असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल होता, तोही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचा रंग यासाठी एफडी मोडून तीन लाख रोख काढले तर इन्कम टॅक्सवाले विचारतील का? दुसरं म्हणजे गवंड्याला कार्ड वगैरे काही कळत नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सर, स्वतःचे टॅक्स भरलेले पैसे काढायला कुणी विचारत नाही. रोख काढण्यावर बँक टीडीएस कापते तो वर्षाला एक कोटीच्या वर, रिटर्न सलग तीन वर्षं भरलं नसेल तर वीस लाखांच्या वर. तुम्ही त्यात कुठेच नाही. पण मग काढायचेच कशाला? गवंड्याला कार्ड कळत नसेल, यूपीआय कळतं, त्याच्याकडे चहावालाही यूपीआय घेतो. फारच ऐकत नसेल तर चेक द्या. थोडेफार रोख द्यावेच लागले तर दर वेळी व्हाउचरवर सही घ्या, आणि रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही. घरी कुठेतरी पडलेलं असतं, नाहीतर पोस्टात मिळतं. गच्चीचे शेवटचे पैसे मात्र पहिल्या मोठ्या पावसानंतरच द्यायचे असं आत्ताच ठरवून घ्या, कोल्हापूरचा पाऊस जी परीक्षा घेतो ती कुठली केमिकल कंपनी घेत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. बेसमेंट फिनिश करायचंय, २२,००० डॉलरचं कोटेशन आहे. कॉन्ट्रॅक्टर आपल्याच ओळखीतला, म्हणतो कार्डाला ३ टक्के जादा, कॅश दिली तर टॅक्स नाही आणि कागदही नको, ‘आपल्यात काय कागद’. इकडे काय बरं? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर : ‘आपल्यात काय कागद’ म्हणणाऱ्याकडूनच आधी कागद घ्यायचा, हे तिकडेही लागू. तुमच्या राज्यात तर ५०० डॉलरच्या वरच्या घरकामाचा करार लेखी असावा असा कायदाच आहे, आणि कराराची प्रत हातात आल्यापासून कामकाजाच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तो रद्द करायची मुभाही आहे. कॉन्ट्रॅक्टरची राज्याकडे नोंदणी लागते, नंबर १३ व्हीएच ने सुरू होतो, राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्सच्या साइटवर बघता येतो. तो नसेल तर पुढे बोलूच नका, ओळख बाजूला ठेवा.

कार्डाबद्दल मात्र तुम्हाला मी पुण्याच्या ताईंपेक्षा वेगळं सांगेन. अमेरिकेत फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट आहे, त्यात काम वाईट झालं ही तक्रारसुद्धा कार्ड देणाऱ्या बँकेसमोर मांडता येते, अटी अशा की रक्कम ५० डॉलरच्या वर, व्यवहार तुमच्या राज्यात किंवा घरापासून १०० मैलांच्या आत, आधी कॉन्ट्रॅक्टरशी मिटवायचा प्रामाणिक प्रयत्न केलेला, आणि मुख्य म्हणजे वादातली रक्कम अजून बँकेला फेडलेली नसावी. म्हणजे दर महिन्याला कार्ड आपोआप पूर्ण फेडायची सोय लावली असेल तर तो हक्क तुम्हीच घालवून बसता. पूर्ण २२,००० कार्डावर टाकले तर ३ टक्के म्हणजे ६६० डॉलर, सगळ्यावर द्यायची गरज नाही. पहिला आणि शेवटचा हप्ता कार्डावर ठेवा, कारण पळून जाणं पहिल्यात होतं आणि काम अर्धवट राहणं शेवटच्यात, मधले चेकने. आणि इलेक्ट्रिशियन, प्लंबर त्याने बाहेरून आणले असतील तर त्यांचे पैसे पोचल्याची सही, तिकडे ज्याला लीन वेव्हर म्हणतात ती, प्रत्येक हप्त्याआधी घ्या, नाहीतर तुम्ही पैसे दिलेले असूनही ते तुमच्या घरावर दावा लावू शकतात. परमिट काढलंय का तेही बघा, बिना परमिटचं बेसमेंट घर विकताना आडवं येतं.

प्रश्न : काम चालू आहे, करारात हप्ते ठरलेत, पण मुकादम दर शनिवारी येतो की पोरांना उचल द्यायचीय, पाच हजार रोख द्या, मॅडम पुढच्या हप्त्यातून कापा. नाही म्हटलं तर सोमवारी माणसं येत नाहीत. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हे सगळीकडे चालतं आणि यात दर वेळी लबाडीच असते असंही नाही, पोरांना शनिवारी हातात पैसे लागतात, गावी पाठवायचे असतात, रविवारचा बाजार असतो. पण मुकादमाच्या हातात दिलेले पैसे कॉन्ट्रॅक्टर हिशेबात धरतो का, हा प्रश्न आहे, आणि अनुभव असा की शेवटच्या हिशेबाला तो म्हणतो ‘ते तुम्ही त्याला दिलेत, मला कुठे सांगितलं?’ म्हणून शनिवारी दुपारीच कॉन्ट्रॅक्टरला व्हॉट्सअ‍ॅप करा, ‘मुकादम पाच हजार उचल मागतायत, तिसऱ्या हप्त्यातून वजा धरून देऊ का?’ आणि त्याचा ‘हो’ आल्याशिवाय देऊ नका. फोनवरचा हो चालणार नाही, लिहून आलेलाच. जमलं तर पैसे कॉन्ट्रॅक्टरच्याच खात्यात टाका, त्याला म्हणावं तूच पुढे दे. रोख दिलेच तर मुकादमाची डायरीत तारीख टाकून सही घ्या, बऱ्याच जणांना सही करायला लाज वाटत नाही, आपल्यालाच मागायला वाटते.

आणि दर शनिवारीच उचल लागत असेल तर बहुधा कॉन्ट्रॅक्टर तुमच्या हप्त्याचे पैसे दुसऱ्या साइटवर वळवतोय. त्याला बोलावून घ्या आणि उरलेल्या कामाचे हप्ते लहान करून घ्या, मोठे चार असतील तर छोटे आठ, प्रत्येक शनिवारी त्या आठवड्यात जेवढं झालं तेवढ्याचेच. मग उचलीचं नावच निघत नाही, निघालं तरी तुमच्याकडे सांगायला असतं की आठवड्याचं आठवड्याला दिलंय.